‘एकच प्याला’ आणि व्यसनमुक्तीची प्रक्रिया : परतीच्या वाटेच्या दिशेने एक पुनर्वाचन

प्रस्तावना

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली, लेखकाच्या निधनानंतर अवघ्या काही आठवड्यांत, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. तेव्हापासून आजपर्यंत मराठी समाजाच्या मनातील दारूविषयीची प्रतिमा घडविण्यात या नाटकाइतका वाटा अन्य कोणत्याही साहित्यकृतीचा नसावा. ‘तळीराम’ हे विशेषनाम आज सामान्यनाम होऊन बसले आहे. ‘सिंधू’ म्हटले की बालगंधर्वांची फाटक्या लुगड्यातील मूर्ती डोळ्यांसमोर येते. नाटकाचे शीर्षक तर वाक्प्रचारासारखे वापरले जाते.

या नाटकाची समीक्षा प्रामुख्याने दोन अंगांनी झालेली आहे. सुधाकर हा शोकनायक ठरतो की नाही, हा एक प्रश्न. आणि नाटक शोकात्मिका आहे की मद्यपाननिषेधाचा प्रचार, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु दोहोंचा रोख सुधाकर कसा व का पडला, याकडेच आहे. तो परत का येऊ शकला नाही, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला. गेल्या काही दशकांत व्यसनमुक्ती ही एक शास्त्रीय आणि सामाजिक प्रक्रिया म्हणून विकसित झाली आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या संस्थेचा जवळजवळ चार दशकांचा अनुभव आपल्यासमोर आहे. या अनुभवाच्या प्रकाशात नाटकाकडे पाहिले असता, त्याच्या संहितेतच असलेली परंतु आपल्या नजरेतून निसटलेली काही स्थळे ठळक होतात. व्यसनातून माणूस बाहेर येतो म्हणजे नेमके काय घडते, हे ‘एकच प्याला’च्या आधारे समजून घेणे आणि त्या समजुतीच्या आधारे नाटकाचे पुन्हा वाचन करणे, असा प्रस्तुत लेखाचा दुहेरी हेतू आहे.

१. ‘व्यसन’ आणि ‘पुनर्वसन’ : दोन शब्दांचा विचार

‘व्यसन’ हा शब्द ‘वि’ या उपसर्गासह ‘अस्’ म्हणजे ‘फेकणे’ या धातूपासून सिद्ध होतो. संस्कृतात त्याचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात : एक संकट, दुसरा दोष. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण ‘व्यसनाधिकारिक’ या नावाने ओळखले जाते. त्यात राज्यावर कोसळणाऱ्या आपत्तींचा जसा विचार आहे, तसाच राजाच्या मृगया, द्यूत, मद्यपान आदी दोषांचाही आहे. जे माणसाला त्याच्या जागेवरून दूर भिरकावून देते ते व्यसन, मग ते बाहेरून आलेले असो वा आतून उगवलेले असो. मराठीने पुढे यातला ‘दोष’ हा अर्थ तेवढा ठेवला आणि ‘संकट’ हा अर्थ हळूहळू गमावला. व्यसनी माणसाकडे आपण दोषी म्हणून पाहतो, संकटग्रस्त म्हणून पाहत नाही, यामागे शब्दाचा हा अर्थसंकोचही आहे.

‘पुनर्वसन’ हा शब्द ‘वस्’ म्हणजे ‘राहणे’ या धातूशी जोडलेला आहे. महाराष्ट्रात तो आपण धरणग्रस्तांच्या आणि भूकंपग्रस्तांच्या संदर्भात अधिक ऐकतो. कोयना असो वा किल्लारी, केवळ जीव वाचला म्हणजे पुनर्वसन झाले असे कोणी म्हणत नाही. घर, जमीन, शाळा, शेजार, उपजीविका हे सारे पुन्हा उभे राहिले तरच तो शब्द सार्थ होतो. व्यसनाच्या बाबतीत मात्र ‘दारू सोडली’ एवढ्यावरच आपण समाधान मानतो. सोडणे ही एका दिवसाची क्रिया आहे आणि पुन्हा वसणे ही काही वर्षांची. प्रस्तुत लेखाचे सारे प्रतिपादन या फरकावर उभे आहे.

२. नाटकातील व्यसनविचार

सुधाकर हा बुद्धिमान, मानी आणि तापट वकील आहे. न्यायालयात मुन्सफाशी झालेल्या खटक्यातून त्याची सनद काही काळासाठी रद्द होते. त्या अपमानाची आग शमविण्यासाठी तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. गडकऱ्यांनी येथे केलेले निरीक्षण आजच्या मानसशास्त्रालाही मान्य होईल असे आहे. सुधाकर चैनीसाठी पीत नाही, तर असह्य भावनेवरचा उतारा म्हणून पितो. मद्याने त्याला काहीतरी ‘दिले’ म्हणूनच ते त्याच्याकडून पुढे सारे काही घेऊ शकले.

दुसरे निरीक्षण मंडळाचे आहे. ‘आर्य मदिरा मंडळ’ हा नाटकातील विनोदाचा भाग म्हणून पाहिला जातो. प्रत्यक्षात व्यसन हे एकट्याचे कधीच नसते. त्याला एक समाज असतो, त्या समाजाची भाषा, विनोद, विधी आणि आपलेपणा असतो, हे गडकऱ्यांनी त्यातून दाखविले आहे. बाहेरच्या जगाने झिडकारलेल्या सुधाकराला येथे विनाअट प्रवेश आहे. व्यसन सोडायचे म्हणजे केवळ पदार्थ सोडायचा नसतो, हा समाजही सोडायचा असतो. त्याच्या जागी दुसरा समाज मिळाला नाही, तर उरते ती केवळ पोकळी.

तिसरी गोष्ट नाटकाच्या सिद्धान्ताची. रामलालशी बोलताना सुधाकर जी मीमांसा करतो तिचा आशय असा की, दारूपासून सुटण्याची खरी वेळ एकच, पहिला प्याला ओठांना लावण्यापूर्वीची. त्यानंतर परतीचा मार्ग नाही. नाटकाच्या शीर्षकाला अर्थ देणारा हा विचार प्रतिबंधाच्या दृष्टीने प्रभावी आहे, यात शंका नाही. परंतु तो सांगणारा कोण आहे, याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. तो नाटककाराचा निर्णय म्हणून आपण वाचतो. वस्तुतः तो व्यसनाच्या गर्तेत असलेल्या एका पात्राचा स्वतःविषयीचा निर्वाळा आहे. ‘आता माझे काही होणार नाही’ हे विधान कोणत्याही व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होणाऱ्या रुग्णाच्या तोंडी रोज ऐकू येते. समुपदेशक ते सत्य म्हणून स्वीकारत नाही. तो त्याला आजाराचे एक लक्षण मानतो.

३. पुनर्वसनाची प्रक्रिया : मुक्तांगणच्या संदर्भात

मुक्तांगणची स्थापना २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा येथे झाली. त्या काळात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ म्हणजे ब्राऊन शुगरची लाट आली होती. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेखन केले. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात कार्यरत असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी केंद्राची घडी बसविली. १९९७ साली त्यांचे निधन झाले, २०२२ साली अनिल अवचटही गेले. संस्थेचे काम त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांच्या नेतृत्वाखाली चालू राहिले. मराठीतील एका लेखमालेतून व्यसनमुक्तीची संस्था उभी राहावी, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने विशेष नोंदवावी अशी आहे. ‘एकच प्याला’ने प्रेक्षकाला रडविले, ‘गर्द’विषयीच्या लेखनाने वाचकाला कामाला लावले.

व्यसनमुक्तीच्या उपचारांचे स्थूलमानाने चार टप्पे मानता येतात. पहिला टप्पा शरीरातील विष उतरविण्याचा, म्हणजेच निर्विषीकरणाचा. दीर्घकाळ मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी थांबविल्यास हातपाय थरथरणे, घाम, निद्रानाश, क्वचित झटके येतात. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम व तीव्र गोंधळाची अवस्था उद्भवू शकते आणि ती वेळीच न हाताळल्यास प्राणघातक ठरू शकते. म्हणून या काळात वैद्यकीय देखरेख, योग्य शामक औषधे आणि ‘ब-१’ जीवनसत्त्व यांची गरज असते. गर्दच्या बाबतीत हा त्रास ‘टर्की’ या नावाने व्यसनींमध्ये ओळखला जातो. तो असह्य असला तरी बहुधा आठवडाभरात ओसरतो. ‘खोलीत कोंडून ठेवा, आपोआप सुटेल’ हा घरगुती सल्ला शास्त्रदृष्ट्या किती धोक्याचा आहे, हे यावरून लक्षात यावे.

दुसरा टप्पा मनाचा. मुक्तांगणमधील निवासी उपचार साधारणतः पस्तीस दिवसांचे आहेत. ठरलेल्या वेळी उठणे, योगासने, श्रमदान, व्यक्तिगत समुपदेशन, समूहचर्चा, संगीत अशी दिनचर्या असते. वरवर साध्या वाटणाऱ्या या दिनक्रमाला उपचारमूल्य आहे. व्यसनाने माणसाचा काळ मोडलेला असतो. त्याचा दिवस नशा मिळविणे, ती करणे आणि ती उतरणे यांतच संपतो. दिनचर्या त्याला काळ परत देते. येथील अनेक कार्यकर्ते स्वतः पूर्वाश्रमीचे व्यसनी आहेत, ही दुसरी महत्त्वाची बाब. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या चळवळीचे मूळ तत्त्वही हेच : एका मद्यपीला दुसरा मद्यपीच खरा समजू शकतो. ‘आयुष्यभर पिणार नाही’ अशी प्रतिज्ञा तेथे घेतली जात नाही. ‘फक्त आजचा दिवस’ एवढाच निश्चय केला जातो. आर्य मदिरा मंडळाला पर्याय म्हणून उभे केलेले हे दुसरे मंडळ होय. तेथेही आपलेपणा आहे, विनोद आहे, विधी आहेत. व्यसनमुक्तीचा वाढदिवस साजरा करण्याची प्रथा ही त्यांपैकीच एक.

तिसरा टप्पा कुटुंबाचा आणि चौथा पाठपुराव्याचा. निवासी उपचार संपल्यावरच कसोटी सुरू होते. केंद्रातील सुरक्षित भिंती सोडून रुग्ण त्याच गल्लीत, त्याच मित्रांत, त्याच कर्जात परततो. गर्दसारख्या अफूजन्य पदार्थांबाबत येथे एक गंभीर धोका संभवतो. उपचारकाळात शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते, त्यामुळे पूर्वीच्याच मात्रेने पुन्हा घेतल्यास मृत्यू ओढवू शकतो. अशा रुग्णांसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधांवर आधारित पर्यायी उपचारही आता भारतात उपलब्ध आहेत. म्हणूनच पाठपुरावा हा उपचारांचा अविभाज्य भाग ठरतो.

४. सुधाकराची शपथ आणि पुनर्पतन

आता नाटकाकडे वळू. उत्तरार्धात सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो. हा निश्चय खरा आहे. गडकऱ्यांनी त्यात कोठेही दांभिकता ठेवलेली नाही. त्यानंतर तो कामाच्या शोधात बाहेर पडतो. जुने परिचित त्याला भेटतात ते माणूस म्हणून नव्हे, तर दारुडा म्हणून. त्याच्या शब्दावर कोणाचा विश्वास नाही, त्याला काम द्यायला कोणी तयार नाही, उलट टोमणे आणि अपमान पदरी येतात. आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो.

पारंपरिक वाचनात या प्रसंगाचा अर्थ ‘दारू किती बलवत्तर असते पाहा’ असा लावला जातो. परंतु संहिता बारकाईने पाहिली तर दारूइतकेच समाजाचे बलही येथे दिसते. अ‍ॅलन मार्लट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ साली पुनर्पतन-प्रतिबंधाची जी मांडणी केली, तिच्यात व्यसन पुन्हा सुरू होण्याच्या तीन प्रमुख परिस्थिती सांगितल्या आहेत : उद्विग्न मनःस्थिती, इतरांशी संघर्ष आणि सामाजिक दबाव. सुधाकराच्या वाट्याला पहिल्या दोन गोष्टी त्याच घटकेला येतात आणि तिसरीची तयारी मंडळाने केव्हाच करून ठेवलेली असते. ज्या भावनेने, म्हणजे अपमानाने, त्याला पहिला प्याला घ्यायला लावले तीच भावना त्याला दुसऱ्यांदा खाली ओढते. त्याची शपथ खरी होती. मात्र अपमान सहन करण्याची कोणतीही नवी रीत त्याला कोणी शिकविली नव्हती. तो निर्धार घेऊन बाहेर पडला. तयारी, सोबती आणि काम यांपैकी त्याच्याजवळ काहीही नव्हते.

याच अभ्यासकांनी आणखी एक बाब नोंदविली आहे. संयम मोडून एकदा घेतल्यावर माणूस स्वतःला सांगतो की आता सर्व संपले, मी अपयशी ठरलो, मग थांबायचे कशाला? पहिल्या घोटापेक्षा ही निराशाच त्याला अधिक खोल नेते. या ठिकाणी ‘एकच प्याला’चा सिद्धान्त दुधारी ठरतो. ज्याने अद्याप घेतलेली नाही त्याला तो वाचवितो. ज्याने सोडून पुन्हा एकदा घेतली त्याला तोच बुडवितो. केंद्रातही ‘पहिला प्याला टाळा’ असेच शिकविले जाते, परंतु त्याला एक जोड असते : तो चुकून घेतला गेलाच, तर त्याच दिवशी परत या. ही जोड नसती तर केंद्र आणि शोकात्मिका यांत फरक उरला नसता.

थॉमस मॅक्लेलन व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात व्यसनाची तुलना मधुमेह, उच्च रक्तदाब आणि दमा या दीर्घकालीन आजारांशी केली. या आजारांतही रुग्ण पथ्य मोडतात, औषधे सोडतात आणि आजार उलटतो. तेव्हा आपण उपचार फसले असे न म्हणता ते पुन्हा सुरू करतो. व्यसनी माणूस पुन्हा प्यायला की मात्र ‘पैसे वाया गेले’ असे म्हटले जाते. तळीरामाच्या आजारपणातील डॉक्टर आणि वैद्य यांचे गाजलेले भांडण या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. दोन उपचारपद्धती रुग्णाच्या उशाशी एकमेकींवर तुटून पडतात; रोग्याच्या जगण्याचा विचार दोघांच्याही कक्षेत येत नाही.

५. सिंधू : सहधर्मचारिणी आणि सहचरी

सिंधू हे मराठी रंगभूमीवरील पातिव्रत्याचे सर्वोच्च चित्र मानले जाते. ती माहेरी जाण्याचे नाकारते, माहेरचा पैसा नाकारते, दळणे दळून संसार चालविते. अखेरीस पतीच्या हातून मूल दगावले आणि आपण स्वतः मृत्यूच्या दारात आलो असतानाही, पोलिसांसमोर तो अपघात होता असे सांगून ती त्याला वाचवू पाहते.

आधुनिक व्यसनमुक्तीशास्त्र या वर्तनाकडे वेगळ्या दृष्टीने पाहते. व्यसनाचे परिणाम व्यसनी माणसापर्यंत पोहोचू न देता स्वतःच्या अंगावर घेणारी व्यक्ती, तिचा हेतू कितीही निर्मळ असला तरी, नकळत व्यसनाला मुदतवाढ देते. कार्यालयात ‘त्यांना ताप आहे’ असे कळविणारी पत्नी, दुकानदाराची उधारी गुपचूप फेडणारी आई, ही सिंधूचीच रूपे होत. मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. ‘सहधर्मचारिणी’ आणि ‘सहचरी’ या दोन शब्दांतील अंतर हेच सिंधूपासून आजपर्यंतचे अंतर आहे, असे म्हणता येईल. पहिल्या शब्दात पतीचा धर्म तो पत्नीचा धर्म; दुसऱ्यात दोघांनी सोबत चालणे, आणि चालता येत नसेल तेव्हा थांबण्याचाही अधिकार.

परंतु येथे समीक्षकाने सावध राहिले पाहिजे. सिंधूला ‘व्यसनाला खतपाणी घालणारी’ ठरविणे म्हणजे दोषाचे ओझे पुन्हा एकदा स्त्रीच्याच माथी मारणे होय. १९१९ साली तिच्या वर्गातील हिंदू विवाहितेला घटस्फोटाचा मार्ग उपलब्ध नव्हता, स्वतंत्र उत्पन्न नव्हते, कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली आला. तिच्यापुढे भाऊ पद्माकराचे घर हा एकमेव पर्याय होता, आणि तो स्वीकारणे म्हणजे पतीला कायमचे सोडणे असाच अर्थ तिच्या जगात होत होता. ‘दूर राहूनही साथ देता येते’ ही तिसरी शक्यता तिला कोणी दाखविलीच नाही. दोष असेल तर तो या अनुपलब्धतेचा आहे. प्रेक्षकांनी शतकभर सिंधूसाठी अश्रू ढाळले आणि त्या अश्रूंनी तिच्या सोसण्याला आदर्श केले. तिच्यासाठी व्यवस्था मागितली नाही. तसेच, मद्य वा अन्य नशेच्या आहारी गेलेल्या स्त्रियांना तर या नाटकात स्थानच नाही. त्यांच्यासाठी मुक्तांगणने ‘निशिगंध’ हे स्वतंत्र केंद्र २००९ साली सुरू केले, ही बाब आपल्या कल्पनेतील उणीव दाखविणारी आहे.

६. भगीरथ : एक दुर्लक्षित पात्र

सुधाकर आणि तळीराम यांच्या छायेत ‘एकच प्याला’तील एक पात्र समीक्षेत बहुधा हरवते, ते म्हणजे भगीरथ. प्रेमभंगाच्या दुःखाने दारूकडे वळलेला हा तरुण मंडळात सामील झालेला असतो. म्हणजेच त्याने पहिला प्याला घेतलेला आहे. तरीही रामलालच्या सहवासात तो दारू सोडतो, लोकसेवेच्या कामाला लागतो आणि पुढे शरदच्या रूपाने त्याला प्रेमही लाभते. सुधाकराच्या ‘परतीचा मार्ग नाही’ या सिद्धान्ताला नाटकातच उपस्थित असलेले हे उत्तर आहे.

भगीरथ का वाचतो? त्याची इच्छाशक्ती सुधाकराहून अधिक होती, असे संहिता कोठेही सुचवीत नाही. त्याचे मद्यपान कमी काळाचे होते, हे खरे. परंतु त्याखेरीज तीन गोष्टी त्याला मिळतात ज्या सुधाकराला मिळत नाहीत. त्याच्याकडे तुच्छतेने न पाहणारा एक माणूस, मंडळाबाहेरची संगत, आणि ज्यात स्वतःला विसरता येईल असे काम. पुनर्वसनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात याहून वेगळी यादी सापडणार नाही. व्हिएतनाम युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर त्यांपैकी बहुसंख्य पुन्हा व्यसनाधीन झाले नाहीत, असे त्यांना आढळले. परिसर, संगत आणि भूमिका बदलली की व्यसनाची पकडही बदलते. गडकऱ्यांनी हे भगीरथात दाखविले, पण नाटकाच्या रचनेत त्याला उपकथानकात ठेवले. आपण प्रेक्षक आणि प्राध्यापक यांनी तर त्याला स्मरणातूनही वगळले.

७. या वाचनाच्या मर्यादा

शंभर वर्षांपूर्वीच्या कलाकृतीला आजच्या वैद्यकाच्या तराजूत तोलणे कितपत योग्य, असा आक्षेप येथे घेता येईल. शोकात्मिकेला अटळता लागते. सुधाकर बरा झाला असता तर ‘एकच प्याला’ हे नाटकच उरले नसते. हा आक्षेप मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, अटळता ही कलाकृतीची गरज आहे, जीवनाचा नियम नव्हे. गडकऱ्यांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. शोकात्मिकेचा नियम आपण समाजनीती म्हणून स्वीकारला, हा दोष आपला आहे.

उलट दिशेनेही हे वाचन उपयुक्त ठरते. व्यसनाला केवळ आजार मानणारी दृष्टी कधी कधी मेंदू आणि औषध यांपलीकडे पाहत नाही. एल्विन जेलिनेक यांच्या १९६० च्या ग्रंथाने मद्यासक्तीच्या आजार-संकल्पनेला प्रतिष्ठा दिली आणि व्यसनी माणसाची नैतिक निंदेपासून काही अंशी सुटका केली, हे तिचे मोठेच कार्य. परंतु सुधाकराची जखम सनदेच्या, मानाच्या आणि रोजगाराच्या जागी आहे. ती पस्तीस दिवसांत भरून येणारी नाही. जे पुनर्वसन रुग्णाला फाटकापर्यंत सोडून थांबते, त्याला हे नाटक विचारते : पुढे काय?

केंद्रांच्या नावाखाली मारहाण, डांबून ठेवणे, साखळदंड यांचा वापर करणारी ठिकाणेही आपल्याकडे असल्याच्या बातम्या वेळोवेळी येत असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व मादक पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थितींचा मानसिक आजारांत समावेश केला आहे आणि साखळदंडांना मनाई केली आहे. व्यसनी माणसाला दोषी मानले की शिक्षा हाच उपचार वाटू लागतो. येथेही शब्दाच्या अर्थसंकोचाची किंमत शरीरावरच मोजली जाते.

समारोप व निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) ‘एकच प्याला’ हे पहिल्या प्याल्याचे नाटक आहे तितकेच ते परतीच्या वाटेवर कोणीही उभे नसल्याचे नाटक आहे. सुधाकराचे पुनर्पतन हे त्याच्या दुर्बलतेइतकेच समाजाच्या अविश्वासाचे फळ आहे.

(२) ‘परतीचा मार्ग नाही’ हे विधान नाटकाचा सिद्धान्त म्हणून न वाचता व्यसनग्रस्त पात्राची निराशा म्हणून वाचले पाहिजे. भगीरथाचे उपकथानक त्याला छेद देते.

(३) व्यसनमुक्ती ही निर्विषीकरण, मनोपचार, कुटुंबाचा सहभाग आणि दीर्घ पाठपुरावा यांची साखळी आहे. पुनर्पतन हा या प्रवासातील संभाव्य टप्पा आहे. त्याला शेवट मानल्यानेच तो शेवट होतो.

(४) सिंधूचा त्याग आदर्श म्हणून शिकविण्याऐवजी तिच्यापुढील पर्यायांचा अभाव हा अध्यापनाचा विषय व्हायला हवा.

केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारची मदत मिळते, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार १८० पैकी एकालाच मिळतात. उर्वरित सर्वांसाठी केंद्र म्हणजे त्यांच्या आसपासची माणसेच. या माणसांत आपण महाविद्यालयीन अध्यापकही येतो. दरवर्षी २६ जून रोजी अमली पदार्थविरोधी दिनी आपण विद्यार्थ्यांकडून सामूहिक शपथ घेतो. शपथ सुधाकरानेही घेतली होती. उपचार घेऊन परतलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा प्रवेश देताना, त्याची बुडालेली उपस्थिती मोजताना, वसतिगृहात त्याला खोली द्यायची की नाही हे ठरविताना, स्टाफरूममध्ये त्याच्याविषयी बोलताना, आपण सुधाकराला हिणविणाऱ्या परिचितांच्या बाजूला असतो की रामलालच्या, हा प्रश्न त्या दिवशीच्या शपथेहून अधिक निर्णायक आहे.